रिफ आधी, आवाज शेवटी: ठाण्यातल्या एका ईपीचं प्रकरण

ठाण्यातल्या पाच जणांच्या एका प्रोग्रेसिव्ह मेटल (प्रोग मेटल) बँडचा पहिला ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांचं छोटं रेकॉर्ड, माझ्याकडे मिक्सिंगच्या दुरुस्तीसाठी आला. चार गाणी, एकूण २३ मिनिटं, शब्द मराठी, विषय ठाण्याची खाडी. पहिला मिक्स दोघांपैकी एका गिटारवाल्याने घरी केला होता आणि तो अजिबात वाईट नव्हता. तक्रार एकच होती: "दादा, हिचा आवाज दबतोय. जरा वर काढून द्या."

आवाजाचा फेडर, म्हणजे पातळी कमी-जास्त करायची सरकपट्टी, मी आधी वर नेला. दोन डेसिबल वाढवले तर गायिका बँडपासून तुटून पुढे येत होती आणि गिटार पोकळ वाटत होत्या. तेवढेच कमी केले की शब्द गडप. मधली जागाच सापडत नव्हती. चारपैकी तीन गाण्यांत हेच. असं झालं की समजावं, दोष मिक्समध्ये नाही, गाणं बांधण्यात आहे. पुढे जे काम झालं त्यातलं बरंचसं मिक्सिंगचं नव्हतंच. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय. आपल्याकडे गायिका पुढे असलेले मेटल बँड वाढतायत आणि त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये हाच दोष मला पुन्हा पुन्हा ऐकू येतो.

गायिका नौपाड्यातली. लहानपणापासून ख्याल शिकलेली, महापालिकेच्या पं. राम मराठे संगीत समारोहात पहिल्या रांगेत बसून मोठी झालेली. गिटारवाले दोघे मानपाड्याचे, ड्रमर कळव्याचा, बेसिस्ट ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने येतो. तालीम वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात. सोसायटीत ड्रम्स वाजवणं शक्यच नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात, औद्योगिक भागाला दिवसा ७५. ड्रमसेट जवळून १०० च्या वर जातो. त्यामुळे ठाणे-नवी मुंबईतले कितीतरी बँड पत्र्याच्या गाळ्यांतच घडलेत. शेजारी पॉवर प्रेस ठोकत असतो, इकडे डबल बेस ड्रम चालू असतो, कोणी कोणाची तक्रार करत नाही.

आता गाणी बनली कशी ते बघू, कारण मूळ तिथे आहे. दोघा गिटारवाल्यांनी संगणकावर रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, रचले, खाली ड्रम्स प्रोग्राम केले, प्रत्येक गाण्याची लांबी, वळणं, ब्रेकडाउन (गाणं संथ आणि जड होतं तो भाग) सगळं पक्कं केलं. त्यानंतर गायिका बँडमध्ये आली. तिला चार फाइली मिळाल्या आणि सांगणं एवढंच: "यावर तुझं काहीतरी बसव." बहुतेक प्रोग मेटल बँड असेच काम करतात आणि त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो. या संगीतात रिफ हाच पाया. सात तारांची गिटार, सगळ्यात जाड तार ड्रॉप ए मध्ये उतरवलेली, म्हणजे ५५ हर्ट्झ. रिफ त्या मोकळ्या तारेभोवती फिरतो, कारण तीच तार हाताच्या काठाने दाबून वाजवली की तो छातीवर बसणारा ठोका मिळतो. तेव्हा गाण्याचा सा ठरवते गिटारची तार. गाणाऱ्या माणसाचा गळा त्या वेळी खोलीत नसतोच.

डिस्टॉर्शनवर, म्हणजे आवाज मुद्दाम फाडून घरघरीत केलेला असताना, गिटारवाले बहुतेक वेळा पॉवर कॉर्ड धरतात, म्हणजे सा आणि प. गंधार घेत नाहीत, कारण डिस्टॉर्शनमध्ये स्वर एकमेकांत मिसळून नवे स्वर तयार होतात आणि गंधार आला की ते गढूळ ऐकू येतात. सा-प तेवढा स्वच्छ राहतो. तानपुऱ्यातही हेच दोन स्वर असतात. म्हणजे दोन गिटार आणि बेस मिळून गायिकेला प्रचंड मोठा तानपुराच देत असतात, आणि गाणं कोमल गंधाराचं की शुद्ध गंधाराचं, उदास की उजळ, हे तिच्या गळ्यातून ठरतं. एवढी मोठी जबाबदारी ज्या आवाजावर आहे तो सगळ्यात शेवटी बोलवायचा, हे मला पटत नाही.

खरं निदान माझ्याआधी तिच्या गाण्याच्या बाईंनी केलं होतं. मेटल त्यांनी आयुष्यात ऐकलेलं नाही. शिष्येने फोनवर पहिलं गाणं ऐकवलं तेव्हा त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "तुझा सा काळी चार. ही मुलं पांढरी सहात आहेत. अर्ध्या स्वराचं काही नाही गं. पण एवढ्या गोंगाटात तुला पूर्वांगात का बसवलंय?"

बाईंचा मुद्दा हर्ट्झमध्ये मांडतो. पूर्वांग म्हणजे सप्तकाचा खालचा अर्धा, आणि पेटीची पांढरी सहा म्हणजेच गिटारचा ए. कडव्यांची चाल पांढरी सहाच्या सा पासून म पर्यंत फिरत होती, म्हणजे साधारण २२० ते २९५ हर्ट्झ. बैठकीत तानपुऱ्यावर हीच जागा सुंदर लागते. पण डिस्टॉर्टेड गिटारचं सगळं मांस २०० ते ८०० मध्ये असतं. तिथे आवाज हळू लागला की मूळ स्वर आणि त्याचे पहिले उपस्वर गिटारच्या पोटात जातात. शिवाय खालच्या स्वरांवर गळा सैल असतो, त्यामुळे आवाजातला २ ते ४ हजार हर्ट्झचा भाग, ज्याने शब्द कळतात आणि ज्याला आपला कान सगळ्यात जास्त तीक्ष्ण असतो, तोही कमी निघतो. ध्रुवपदाचं उलटं. तिथे रिफ मोठा, म्हणून तिने चाल एकदम तार सप्तकात नेली होती, पंचमापर्यंत. तिथे ती ऐकू येत होती, पण ओढून गायलेली. कडव्यात हरवलेली, ध्रुवपदात ओरडणारी. ऐकणाऱ्याला वाटतं हिला गाता येत नाही. तिला उत्तम गाता येतं. तिला जागा चुकीची मिळाली होती.

बँडला हे पटवणं सोपं नव्हतं. "म्हणजे सगळे रिफ परत लिहायचे का?" हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, आधी ऐकू या. युक्रेनच्या जिंजर या मेटल बँडचा 'मायक्रो' हा ईपी लावला, २०१९ च्या जानेवारीत आलेला, पाच ट्रॅकचा. मुलांचा तो पाठ होता. पण त्यांनी तो आजवर बेससाठी आणि ग्राउलसाठी, म्हणजे गळ्यातून काढलेल्या खरखरीत गुरगुरीसाठी, ऐकला होता. मी सांगितलं, या वेळी फक्त मोजा की त्यांची गायिका तातियाना श्माइल्युक गात असताना किती वाद्यं तिच्या पट्ट्यात वाजतायत. त्या बँडमध्ये गिटारवाला एकच आहे. ती साध्या आवाजात गाते तेव्हा गिटार कितीदा तरी बाजूला होते, बेस चाल सांभाळतो. ती ग्राउलवर येते तेव्हा गिटार पूर्ण अंगाने परत येते. आपल्या मुलांच्या गाण्यात दोन गिटार, प्रत्येकीचे दोन-दोन ट्रॅक, म्हणजे चार थर, आणि ते पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत तसेच. धाकट्या गिटारवाल्याने ईपी संपल्यावर एवढंच म्हटलं, "आपण थांबतच नाही रे."

रिफ बदलले नाहीत. सा तोच राहिला, ड्रॉप ए तसाच राहिला. बदलली ती चाल. कडवी उत्तरांगात, सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात नेली: पंचमापासून तार सा, क्वचित तार कोमल गंधार. ३३० ते ५२३ हर्ट्झ. ध्रुवपद तार पंचमावरून खाली आणून त्याच पट्ट्यात बसवलं, आणि त्याचा मोठेपणा उंचीऐवजी लांबीतून काढला, दोन आवर्तनं ओलांडणारे लांब स्वर. हे सगळं गायिकेने बाईंसमोर बसून, पेटीवर, गिटारशिवाय केलं. चाल एकट्या पेटीवर उभी राहिली तरच ती बँडकडे न्यायची, हा नियम तिचाच.

गिटारचे चार थर दोनवर आणले, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे, मधोमध आवाज, बेस आणि ड्रमसेटमधले किक (पायाने वाजवायचा ड्रम) आणि स्नेअर. अँपचा गेन, म्हणजे डिस्टॉर्शन किती चढवायचं ते, कमी केला. गेन कमी केला की गिटार हलकी पडेल अशी सगळ्यांना भीती असते. प्रत्यक्षात तारेचा ठोका स्पष्ट होतो आणि रिफ जास्त जड वाटतो, कारण जडपणा ठोक्यातून येतो, घरघरीतून नाही. कडव्यात एका गिटारने पॉवर कॉर्ड सोडून एकेरी स्वर घेतले. एवढं झाल्यावर फेडरला हात लावायची गरज जवळजवळ उरली नाही.

दुसऱ्या गाण्याचा तिढा वेगळाच निघाला आणि मला तोच सगळ्यात आवडला. रिफ सात मात्रांचा, २-२-३ असा तुटणारा. गायिकेच्या अंगात सात म्हणजे रूपक ताल, ३-२-२. रिफ ठोके देतो पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर. ती जोर देत होती पहिल्या, चौथ्या आणि सहाव्यावर. हे भांडण ऐकायला मजेदार आहे, पण कडव्यात त्याने शब्दांचा चुरा होत होता. मुखडा होता 'भरती आली'. मात्रा मोजा: भ एक, र एक, ती दोन, आ दोन, ली दोन. आठ. सात मात्रांच्या आवर्तनात आठ मात्रांचा मुखडा. 'ली' दरवेळी पुढच्या समेवर आदळायची आणि श्वासाला जागा नाही. शिवाय 'भ' बरोबर समेवर, म्हणजे पहिल्या दाबलेल्या ठोक्याच्या आणि किकच्या खाली. ऐकणाऱ्याला 'रती' ऐकू येत होतं.

यावर मिक्सिंगचे उपाय आहेत. 'भ' तेवढा वर काढा, त्या क्षणी गिटार खाली करा. करता येतं, पण प्रत्येक आवर्तनात ठिगळं लावत बसायचं. गायिकेने 'आली' चं 'ये' केलं. 'भरती ये', सहा मात्रा. आणि समेला मोकळं सोडून दुसऱ्या मात्रेपासून उठाव घेतला. पहिली मात्रा श्वास. भ दुसरीवर, र तिसरीवर, ती चौथी-पाचवी, ये सहावी-सातवी. आवर्तन काठोकाठ भरलं आणि 'भ' ठोक्यानंतरच्या फटीत पडला. महाप्राण व्यंजनाला हवा लागते, ती हवा त्या फटीत स्वच्छ ऐकू येते. ड्रमरने टाळी दिली. रूपकाचा तो मूळचा झगडा आम्ही टाकून दिला नाही. गाण्याच्या मधल्या भागात, जिथे शब्द नाहीत आणि ती आकारात गाते, तिथे ती ३-२-२ आणि गिटार २-२-३, आणि ड्रम्स चारात, म्हणजे रिफच्या आठ मात्रांचा एक बार. सात आणि आठचा मेळ छप्पन्न मात्रांनी बसतो, रिफची आठ आवर्तनं तेव्हा ड्रम्सचे सात बार. त्या समेवर सगळे एकत्र पडतात तेव्हा अंगावर काटा येतो.

रेकॉर्डिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आवाज संध्याकाळी, शेजारचा प्रेस बंद झाल्यावर घेतला, आणि पावसात पत्रा वाजायला लागला की थांबलो. साधं गाणं आणि ग्राउल वेगवेगळ्या दिवशी ठेवले. ग्राउल जोर लावून करायचा नसतो. मूळ स्वरतंतूंच्या वर ज्या पट्ट्या असतात त्यांची थरथर वापरायची, श्वासाचा दाब आटोक्यात ठेवायचा. ख्यालात श्वास सांभाळायला शिकलेल्या गळ्याला हे लवकर जमतं, निदान हिला जमलं. गळा बसला असं एकदाही झालं नाही.

तिसरं गाणं सुटलं नाही. त्याची चाल खालीच राहिली, कारण शब्दच तसे आहेत, खारफुटीतल्या चिखलात रुतलेल्या माणसाचे, आणि वरच्या स्वरांत नेले की ते खोटे वाटायला लागले. तीन वेगवेगळ्या चाली झाल्या, तिन्ही टाकल्या. शेवटी कडव्यात गिटार पूर्ण काढल्या, फक्त बेस आणि आवाज ठेवला, आणि त्याच चालीचा कुजबुजीतला दुसरा थर जोडला. ठीक आहे. पण गिटार आत येतात तो क्षण अजूनही जोडल्यासारखा वाटतो. माझ्या मते ते गाणं रिफपासून पुन्हा लिहायला हवं होतं.

मास्टरिंगच्या, म्हणजे तयार मिक्सची शेवटची पातळी बसवण्याच्या, वेळी पुन्हा जुना हट्ट निघाला, जोरात हवं. पहिला मास्टर उणे सहा एलयूएफएसच्या (आवाजाचा जोर मोजायचं एकक) आसपास दाबलेला होता. स्पॉटिफाय मूळ सेटिंगवर सगळं उणे चौदाच्या जवळ आणून वाजवतं, ॲपल म्युझिकचं साउंड चेक उणे सोळाच्या. म्हणजे एवढं दाबून मिळवलेला जोर ऐकणाऱ्याकडे पोचण्याआधी काढून घेतला जातो, आणि मागे राहतात दबलेले ड्रम्स. दोन्ही मास्टर सारख्या पातळीवर आणून शेजारी शेजारी ऐकवले. वाद संपला.

नंतर आला श्रेयाचा प्रश्न, आणि इथे मात्र आवाज चढले. रिलीजसाठी गीतकार, संगीतकार यांची नावं भरायची होती. मोठा गिटारवाला म्हणाला, "संगीत आमचं दोघांचं. गाणी तिच्या आधी तयार होती." त्याला मनापासून तसंच वाटत होतं. मी कायद्याची पुस्तकी मांडणी त्यांच्यासमोर ठेवली. १९५७ चा कॉपीराइट कायदा शब्दांना संगीतापासून वेगळं धरतो. शब्द ही साहित्यकृती, संगीत ही वेगळी कृती, ध्वनिमुद्रण ही तिसरी, आणि ध्वनिमुद्रणाचा कर्ता निर्माता. स्वर लिहून काढले नाहीत तरी रचणारा संगीतकारच ठरतो. मग चाल कोणी रचली? चारही गाण्यांची गायची चाल तिने रचली, त्यातल्या तीन दोनदा. रिफवर गायची चाल बसवणं हे संगीत रचणंच आहे. रिफ शिट्टीवर वाजवून दाखवणारे श्रोते या संगीतात आहेत, मान्य, पण 'भरती ये' गुणगुणणारे त्याहून जास्त असणार.

शेवटी कागद झाला: शब्द तिचे एकटीचे, संगीत तिघांचं समान, ध्वनिमुद्रण पाचही जणांचं. प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक, घेतला. कागदावर सह्या रिलीजच्या आधी झाल्या हे महत्त्वाचं. पैसे फार येणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. पण उद्या कोणी बँड सोडला तर गाणं कोण वाजवू शकतं, हे त्या कागदावरून ठरतं.

एक गोष्ट इथे बोलायलाच हवी. आयोजक जाहिरातीत 'फीमेल फ्रंटेड' हे शब्द बँडच्या नावाएवढे मोठे छापतात. त्याच कार्यक्रमात साउंडचेकला किक, स्नेअर, दोन गिटार, बेस असा तासभर जातो आणि गायिकेचा माइक शेवटच्या पाच मिनिटांत उघडला जातो. मंचावरच्या मॉनिटर स्पीकरमध्ये स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून ती ओढून गाते, आणि मग समोरचे म्हणतात, स्टुडिओत बरी वाटते हो. या बँडने आता साउंडचेकचा क्रम लिहूनच पाठवायला सुरुवात केलीय: आधी आवाज, मग तिच्या आवाजाभोवती बाकीचं. वाशीच्या कार्यक्रमात साउंडवाल्याने कागद बघून कपाळाला आठ्या घातल्या, पण केलं तसंच. त्या रात्री दुसऱ्या गाण्याचा मुखडा मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या मला शब्दन् शब्द कळला.

मोठा गिटारवाला अजून पूर्ण खूश नाही. दुसऱ्या गाण्याच्या कडव्यात त्याचा रिफ उघडा पडला असं त्याचं म्हणणं, आणि ते अगदीच चुकीचं नाही. त्याने चार थर मनात धरून तो रिफ लिहिला होता, एकेरी स्वरांत त्यातला एक आतला पदर हरवतो. तोडगा त्यांनी स्वतःच काढला. मंचावर शेवटचं कडवं ते जुन्या जाड गिटारवर वाजवतात आणि गायिका ते साध्या आवाजात न गाता ग्राउलमध्ये घेते. ग्राउलला ठरलेला स्वर नसतो आणि त्याचा खरखरीत भाग गिटारच्या वर येतो, त्यामुळे तिथे पट्टीचं भांडण उरत नाही. रेकॉर्डवर ते तसं नाही. पुढच्या रेकॉर्डिंगसाठी तिने पेटीवर दोन चाली बांधून ठेवल्यात, आणि धाकटा गिटारवाला त्यातल्या एकीसाठी तार ड्रॉप ए वरून जी शार्पवर, म्हणजे तिच्या काळी चारवर, उतरवून बघतोय.